वरून येणारं ‘झालं’

माझ्या पुतणीने मला लिहायला बसवलं आहे. तिच्या वाचनालयाच्या अंकात ‘रोजच्या जगण्याच्या साध्या सवयी’ असा विभाग आहे आणि तिच्या मते आमच्या घरात शिस्तीचा माणूस मी एकटाच. “काका, तुम्ही एका वेळी एकच काम करता, काम झालं की त्याच्याकडे बघत उभे राहता, ते लिहा ना,” म्हणाली. मी म्हटलं, अगं, त्या सवयी माझ्या नाहीत, उसन्या आहेत. तर म्हणे, “मग ज्याच्याकडून घेतल्या त्याच्याबद्दल लिहा.” आता पळवाट उरली नाही. लिहिण्याचा सराव नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

ज्याच्याकडून घेतल्या तो लिफ्टचा मिस्त्री. आम्ही दोघं मिळून जुन्या लिफ्टा दुरुस्त करायचो. तो मुख्य, मी जोडीला. त्याच्या तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचो, मनात मात्र अरे-तुरे. इथे मनातलंच लिहितो. सगळे त्याला झालंराव म्हणत. कुठलंही काम हातात घेताना तो आधी त्याचं नाव घ्यायचा, “आता ग्रीस.” मग ग्रीस लावायचा. मग मान मागे घेऊन लावलेल्या जागेकडे नीट बघायचा. आणि मग, मोठ्याने, जणू कोणाला तरी हिशेब देतोय अशा आवाजात म्हणायचा, “झालं.” तेवढं म्हटल्याशिवाय दुसऱ्या कामाला हात लावायचा नाही. मध्येच कोणी बोलायला आलं तर एक बोट वर करायचा. त्या बोटापुढे इमारतीचे मालकसुद्धा गप्प उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

“हात करतो, डोळा बघतो, मग तोंड बोलतं,” तो मला सांगायचा. “हा क्रम चुकला की घात.”

ही सवय फक्त कामावरची नव्हती. घरात नळ बंद केला, झालं. दार लावलं, झालं. वहिनी, म्हणजे त्याची बायको, आल्या-गेल्याला सांगायच्या, “रात्री अंथरुणावर पडतानाही म्हणतात. दिवसाला कुलूप लावल्यासारखं. आणि काय सांगू, मला बघायला आले होते ना, तेव्हा होकार देताना हेच म्हणाले, ‘झालं!’ माझे वडील बिचारे पांढरे पडले. त्यांना वाटलं, पोरगा म्हणतोय, झालं, लागली वाट!”

“तेही बघूनच म्हटलं होतं,” झालंराव पेपरातून मान वर न करता म्हणायचा.

संध्याकाळी घरी पोचला की तो दारात थोडा वेळ नुसता उभा राहायचा. डोक्यातलं काम बाहेर सांडेपर्यंत. मग आत जायचा, हातपाय धुवायचा आणि वहिनींसमोर बसून विचारायचा, “बोल.” त्या बोलत असताना हातात काहीही धरायचा नाही. ना पेपर, ना कप. “म्हणून तर मी पाल्हाळ लावते,” त्या म्हणायच्या, “रिकाम्या हाताने ऐकणारा माणूस रोज मिळतो होय कोणाला?”

मला या घराचा हेवा वाटायचा. मी बिनलग्नाचा माणूस, आणि स्वभावाने भित्रा. झालंराव मला ससोबा म्हणायचा आणि ते नाव मला अगदी शोभायचं. आता लिफ्टच्या धंद्यात ससा कसा टिकला, असं कोणी विचारेल. तो टिकला त्या एका शब्दाच्या जिवावर.

त्यासाठी आमचं काम थोडं सांगायला हवं. लिफ्टचं मशीन असतं इमारतीच्या अगदी वर, गच्चीवरच्या खोलीत. आणि लिफ्ट ज्या बोगद्यातून वर-खाली होते, त्याच्या तळाला, तळमजल्याच्याही खाली, एक खड्डा असतो. खड्ड्यात मोठाल्या स्प्रिंगा असतात, वरून गळलेलं तेल साठतं, कचरा पडतो. तो साफ करायला, स्प्रिंगा बघायला माणूस उतरावा लागतो. उतरणारा मी. वर मशीनच्या खोलीत मेन स्विच बंद करणारा झालंराव. लिफ्ट तळमजल्यावर येऊन थांबते तेव्हा तिच्या पोटाखाली खड्ड्यात एका माणसाला आडवं पडण्यापुरती जागा उरते. उभा असलेल्याला जागा उरत नाही. यापेक्षा जास्त काही सांगत नाही.

दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही हे खरं. पण ती हलवून तपासता यावी म्हणून काम चालू असताना आम्ही दाराची तार जोडून ठेवत असू. मग उघड्या दारानेही ती चालते. उरतो तो फक्त वरचा मेन स्विच. हल्ली खड्ड्यातही स्विच असतात, कुलपं असतात, पाट्या असतात. आम्ही ज्या जुन्या लिफ्टा सांभाळायचो त्यांत यातलं काही नव्हतं. होता एक शब्द. मी खड्ड्याच्या काठावर उभा राहून वर तोंड करून ओरडायचो, “उतरू का?” मशीनच्या खोलीच्या जमिनीत दोरांसाठी भोकं असतात. त्या भोकांतून, सगळ्या मजल्यांच्या अंधारातून, विहिरीत पडल्यासारखा तो शब्द खाली यायचा, “झालं.”

तो ऐकला की बास. मी उतरायचो. इतकी वर्षं उतरलो, वर एकदाही बघितलं नाही. आईनेसुद्धा मला इतकं निर्धास्त कधी केलं नसेल.

मग ती सकाळ आली. रहिवासी इमारत होती, आमच्या नेहमीची. मी ओरडलो, “उतरू का?” वरून “झालं” आलं. मी उतरलो, आणि स्प्रिंगेच्या बुडाशी साठलेलं तेल फडक्याने टिपत होतो. तेवढ्यात दोर हलले. लिफ्टच्या दोरांचा एक आवाज असतो, कोणी दातावर दात घासावेत तसा. तो आवाज मी हजारदा ऐकला होता, पण कायम बाहेर उभा राहून. मी वर बघितलं. अंधारातला एक मोठा चौकोन खाली येत होता.

मी विचार केला असं म्हणता येणार नाही. पाय आपोआप मोडले आणि मी तेलात पालथा पडलो. हनुवटी सिमेंटवर आपटली. पाठीवरून गार वारा गेला, शर्टाला कशाचा तरी स्पर्श झाला आणि आवाज थांबला. वर, माझ्या पाठीच्या अगदी वर, लिफ्टचं आतलं दार सरकलं. चपलांचा आवाज आला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आनंदाने म्हणाल्या, “अरे वा! झाली वाटतं दुरुस्त!”

मला ओरडायचं होतं. पण तोंड तेलात होतं. शेवटी मी लिफ्टच्या तळाच्या फळीवर बोटांनी वाजवलं.

“अगंबाई! खाली कोण आहे?”

लिफ्ट वर नेऊन मला काढलं तोवर झालंराव सगळे जिने उतरून आला होता. चेहरा लालभडक. आधी वॉचमनवर धावून गेला. “वर कोण गेलं होतं? स्विचला हात कोणी लावला?”

“वर तुम्हीच होता की,” वॉचमन म्हणाला.

“मी बंद केला होता! मी ‘झालं’ म्हटलं. ए ससोबा, म्हटलं की नाही मी?”

“म्हटलंत,” मी म्हणालो.

“मग? मी म्हटलं म्हणजे केलं!”

मी माझ्या हनुवटीला फडकं धरून होतो. “स्विच ढिला झाला असेल,” मी म्हणालो. आम्ही वर जाऊन बघितलं. स्विच चांगला घट्ट होता, अंगठा दुखेल इतका. झालंरावाने तो दोनदा पाडून बंद केला, दोनदा उचलून चालू केला. मग म्हणाला, “भुताटकी आहे,” आणि हसला. मीही हसलो. त्या दिवशी आम्ही पुढचं काम केलं नाही.

त्यानंतर माझं जेवण उडालं. घास तोंडाशी नेला की दोरांचा तो आवाज कानात यायचा. मनात एक विचार वळवळत होता आणि मी त्याच्याकडे बघत नव्हतो. शेवटी राहवेना, तेव्हा झालंराव केस कापायला गेलाय हे बघून मी त्याच्या घरी गेलो. वहिनी ओट्यापाशी भांडी पुसत होत्या. माझी हनुवटी बघून म्हणाल्या, “दाढी करायला कुऱ्हाड घेतली होती का, भाऊजी?”

मी बसलो. काय झालं ते सांगितलं. सांगताना शक्य तितकं सौम्य करून सांगितलं. त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं नाही. तेच भांडं पुसत राहिल्या, कोरडं झालं तरी.

“वहिनी, घरी काही…”

“दार लावतात,” त्या म्हणाल्या. “म्हणजे, दारापाशी जातात. कडीला हात लावतात. ‘झालं’ म्हणतात. आणि दार उघडंच असतं. मी मागून जाऊन लावते. नळाचंही तसंच. मागे एकदा गॅस. ते झालं म्हणतात, भाऊजी, आणि करते मी.”

“रोज?”

“रोज नाही. तेच तर वाईट आहे ना. रोज असतं तर कळलं असतं तरी. चार दिवस सगळं बरोबर असतं. मला वाटतं, मलाच भास झाला. मग एक दिवस पुन्हा.”

“त्यांना सांगितलंत?”

“काय सांगू?” त्या एकदम चिडून म्हणाल्या. “तुमचा शब्द खोटा पडतो म्हणून? लोकांकडे जमीनजुमला असतो. ह्यांच्याकडे तो एक शब्द आहे. तुम्हीपण सांगू नका. माझी शप्पथ.”

“वहिनी, खाली मी उतरतो.”

त्यांनी भांडं फळीवर पालथं घातलं. मग म्हणाल्या, “वर जाऊन बघत जा ना. काहीतरी निमित्त काढून. मी काढतेच की.”

मी घरी येताना ठरवलं, काम सोडायचं. तब्येतीचं कारण सांगायचं. पण दुसऱ्याच दिवशी बाळंतिणींच्या दवाखान्याची लिफ्ट बंद पडली. चार मजली दवाखाना, वर ऑपरेशनची खोली. आम्ही गेलो तेव्हा दोन माणसं एका बाईला खुर्चीत बसवून जिन्यावरून वर नेत होती. खुर्ची वळणावर तिरकी झाली आणि ती बाई कठड्याला धरून ओरडली. अशा ठिकाणी तब्येतीचं कारण सांगणारं तोंड मला देवाने दिलेलं नाही. तसल्या जुन्या मशीनला हात लावणारं गावात दुसरं कोणी नव्हतं.

झालंरावाने नेहमीसारखे खिसे रिकामे केले. चाव्या, पेन, सुटे पैसे, सगळं एका डब्यात. बोगद्यात वरून काही पडू नये म्हणून. मग जुनं फडकं अंथरून त्यावर हत्यारं मांडली, आधी लागणारं आधी. जेवणाचा डबा उघडला नाही. काम संपून शेवटचं ‘झालं’ म्हणेपर्यंत तो कधीच जेवायचा नाही. मला वाटायचं, केवढा हा संयम!

“आता स्विच,” असं म्हणत तो वर गेला. मी खड्ड्याच्या काठावर उभा राहिलो.

“उतरू का?”

“झालं.”

मी उतरलो नाही. “पाना राहिला वर!” असं ओरडलो आणि जिने चढायला लागलो. दम लागला तरी थांबलो नाही. मशीनच्या खोलीत डोकावलो. स्विच बंद होता.

“पाना तर तुझ्या खिशात आहे,” झालंराव म्हणाला. “काय रे ससोबा? विसरभोळा झालास की काय? एका वेळी एक काम धरायचं, शंभरदा सांगितलं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली येऊन उतरलो, काम केलं. थोड्या वेळाने मशीन चालू करून बघायची वेळ आली, मी बाहेर आलो, लिफ्ट वर-खाली झाली, पुन्हा उतरायची वेळ आली. “उतरू का?” “झालं.” या वेळी फडकं राहिलं. पुन्हा सगळे जिने. स्विच बंद.

“अरे, पाय आहेत की चाकं?” तो हसला. “जा आता, आणि यायचं नाही. तिकडे बायका खुर्चीत बसून वर जातायत.”

तिसऱ्या वेळी मला खरंच लाज वाटत होती. मी काठावर बसलो, एक पाय खड्ड्यात सोडलासुद्धा. वरून आलेला शब्द तसाच होता, जाड, पुरा, भरवशाचा. त्या आवाजात काहीच कमी नव्हतं. एवढ्या वर्षांच्या माणसावर संशय घेणारा मी कोण? मी दुसरा पाय सोडला. आणि माझी हनुवटी ठणकली. नुसती ठणकली. मी पाय काढून घेतले. या वेळी मी काही निमित्तही ओरडलो नाही. चुपचाप वर गेलो.

तो माझ्याकडे पाठ करून उभा होता, फडक्याने हात पुसत. त्याच्या खांद्याशेजारी भिंतीवर स्विच होता. चालू.

“म्हटलं ना झालं, आता काय?” तो न वळता म्हणाला.

मी दारातच थांबलो. तो वळला. माझा चेहरा बघितला, मी बघत होतो तिकडे बघितलं. आणि बघतच राहिला. खालून कुठूनतरी एका नवीन बाळाचं रडणं येत होतं. ते थांबावं असं मला वाटत होतं.

“मी हात लावला होता,” तो हळूच म्हणाला. “त्याचा गारवा अजून आहे हाताला.”

त्याने हात पुढे करून स्विच पाडला. खट्ट आवाज झाला. त्याच्याकडे बघितलं. तोंड उघडलं, आणि मिटलं. माझ्या ओळखीत पहिल्यांदा तो काम करून काही बोलला नाही. मग हत्यारांच्या पेटीवर बसला.

“त्या दिवशीही?”

“असेल,” मी म्हणालो.

“असेल काय? हो म्हण.”

“हो.”

“तिला माहीत आहे?”

मला शप्पथ आठवली. मी खाली बघितलं. तेवढं त्याला पुरलं.

“म्हणजे घरातलं दार मी लावत नाही,” तो म्हणाला. “मला वाटायचं, ही माझ्या मागे मागे का फिरते. प्रेम उतू चाललंय म्हटलं या वयात.” हसायला गेला, पण हसू अर्ध्यात गळून पडलं. फडक्याने पुसलेले हात तो पुन्हा पुसत होता. हा माणूस घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि पाहिल्यावर मला कळलं की मी आयुष्यभर कशाला टेकून उभा होतो.

“दुसऱ्या कोणाला बोलवू,” मी म्हणालो.

“कोणाला? आहे कोण?” मग म्हणाला, “तू वर थांब. मी खाली उतरतो.”

“नाही. मला नाही जमणार.”

“का?”

“भीती वाटते.”

“आणि मला वाटत नव्हती?” तो म्हणाला. “लोक म्हणतात, झालंराव शिस्तीचा. कसली शिस्त! तू खाली असलास की माझ्या पोटात अन्न ठरत नाही, म्हणून डबा उघडत नाही मी. बाकीचंही सगळं तसलंच. एक काम धरा, त्याचं नाव घ्या, डोळे फाडून बघा, ओरडून सांगा. भित्र्या माणसाची अक्कल आहे ती सगळी. तू खड्ड्यात ससा होतास, मी इथे वर होतो. एवढाच फरक.”

एवढं बोलून तो उठला. खिसे पुन्हा चाचपून बघितले आणि मला म्हणाला, “तू केल्यावर बघायचं. बघितल्यावर म्हणायचं. आधी नाही.” आणि जिन्याने खाली गेला. कठडा धरून जात होता. त्याच्या चपलांचा आवाज एकेक मजला उतरत गेला आणि बंद झाला.

मी त्या खोलीत एकटा उरलो. स्विच बंदच होता, पण मी तो एकदा चालू केला आणि लगेच स्वतःच्या हाताने बंद केला, नियमाने सगळं करायला हवं म्हणून. अंगठा दुखला. बघितलं. बंद. भोकातून त्याचा आवाज आला, बोगद्यातून येताना म्हाताऱ्यासारखा झालेला.

“उतरू का?”

मी पुन्हा बघितलं. बंद. पण हे बघणं खरं कशावरून? त्यालाही असंच दिसलं असेल. त्याच्याही हाताला गारवा लागला होता. मी स्विचला बोट लावून चाचपला. मान वाकडी करून बाजूने बघितलं. खड्ड्यात असताना मला माझ्या एकट्याच्या जिवाची भीती असायची, तिला एक शेवट होता. या भीतीला तळच नव्हता. ही त्याने किती वर्षं, रोज, रिकाम्या पोटी सांभाळली होती?

“अरे ए! आगगाडी थांबवायची नाहीये, लिफ्टच आहे! उतरू का?”

“झालं,” मी म्हणालो.

“ऐकू नाही आलं.”

“झालं!” मी ओरडलो. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. खालून शिडीवर पाय पडल्याचा आवाज आला. एक पायरी, मग दुसरी. तो वर बघत होता की नाही, मला माहीत नाही. मी कधी बघायचो नाही.

तो काम करत असेपर्यंत मी स्विचवर हात ठेवून उभा राहिलो. त्याची गरज नव्हती, पण हात निघेना. बोटं बधिर झाली. कोणीतरी खालच्या मजल्यावर बटण दाबत होतं, त्याचा बारीक खटका पुन्हा पुन्हा ऐकू यायचा आणि दर वेळी मी स्विचकडे पुन्हा बघायचो. कोणी दार वाजवून विचारलं, “किती वेळ लागेल?” मी एक बोट वर केलं. दुसऱ्या हाताचं.

शेवटी तो वर आला. सगळे जिने चढून, धापा टाकत. त्याने खालून हाक मारून सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण तो वर आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “मी इथे आहे. बघ. आता सोड.”

मला हात काढता येईना. त्याने माझी बोटं एकेक करून उचलली.

संध्याकाळी लिफ्ट चालू झाली. पहिली एक बाळंतीणच खाली आली, कुशीत गाठोडं धरून. तिने आमच्याकडे बघितलंही नाही. ते बरं झालं.

झालंरावाला एकट्याने घरी जाऊ द्यायला माझं मन होईना, म्हणून मी बरोबर गेलो. दारात तो नेहमीसारखा उभा राहिला, पण या वेळी फार वेळ. मग आत गेला. वहिनींनी आमची तोंडं बघितली आणि हातातलं काम ठेवलं. मी उंबऱ्याबाहेरच थांबलो.

तो दारापाशी वळला. माझ्यासमोर. कडीला हात लावला आणि मागे न बघता म्हणाला, “दार लावतोय. ये इकडे. बघ.”

वहिनी पदराला हात पुसत आल्या. एकदा माझ्याकडे बघितलं. शप्पथ मोडलीत ना, असं त्या डोळ्यांत होतं, आणि दुसरंही काही होतं, जे मी कधी नीट वाचू शकलो नाही.

“मी बघते,” त्या म्हणाल्या. “पण मी तुमच्यासारखी बोंब मारणार नाही हां. शेजारी आधीच हसतात.”

“बोंब नको मारूस,” तो म्हणाला. “हळू म्हण. पण बघून म्हण.”

दार माझ्या तोंडावर लागलं. आतून काही ऐकू येईल म्हणून मी थोडा थांबलो. त्या बहुधा हळूच म्हणाल्या असतील. मी जिना उतरायला लागलो. भिंतीला हात लावून, प्रत्येक पायरीकडे बघून.